किशोरवयातील दातांची निगा : सरकारी रुग्णालय की खासगी दवाखाना?

(मंडळाच्या विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



मघाशी या व्यासपीठावर दहावी-बारावीत चांगले गुण मिळविलेल्या मुला-मुलींचा सत्कार झाला. प्रत्येक जण फोटोसाठी हसत होता. माझा धंदाच असा आहे की माणूस हसला की माझे लक्ष आधी त्याच्या दातांकडे जाते. चार-पाच मुले तोंड मिटून हसली. त्यांची नावे मी विचारली नाहीत आणि विचारणारही नाही. परंतु आज मी जे बोलणार आहे ते त्यांच्यासाठी, त्यांच्या आई-वडिलांसाठी आणि आपल्या मंडळासाठी आहे.

कार्यकर्त्यांनी मला विषय दिला तो असा : "मुलांचे दात सरकारी रुग्णालयात दाखवावेत की खासगी डॉक्टरकडे?" हा प्रश्न मला दवाखान्यात, लग्नकार्यात, लोकलच्या डब्यातसुद्धा विचारला जातो. मी काही वर्षे सरकारी रुग्णालयात काम केले आणि पुढे उपनगरात स्वतःचा लहानसा दवाखाना काढला. म्हणजे दोन्ही घरचे पाणी मी प्यायले आहे. तरीही उत्तर देण्याआधी माझी स्वतःची एक हकीगत सांगते, कारण हे उत्तर मला पुस्तकात सापडलेले नाही. ते मला माझ्या एका दाढेने शिकविले.

माझे वडील मुंबईच्या एका गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. त्याच वर्षी जूनमध्ये मी आठवीत गेले आणि उजवीकडची खालची दाढ दुखू लागली. आईने लवंग धरायला दिली. वडिलांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून गोळी आणली. दाढ राहिली. पुन्हा दुखली, पुन्हा गोळी. चाळीतले एक काका म्हणाले, "सरकारी दवाखान्यात नेऊ नका. तिथे सरळ दात उपटतात." वडिलांनाही ते पटले. ते मला म्हणाले, "संप मिटू दे बाळ. पगार सुरू झाला की तुला चांगल्या डॉक्टरकडे नेतो." संप कधी मिटलाच नाही. तो कोणी मागे घेतल्याचे जाहीर न होता हळूहळू विरून गेला. दिवाळीच्या सुमारास माझा गाल सुजला, ताप भरला, तोंड उघडेना. तेव्हा वडील मला घेऊन सरकारी रुग्णालयात गेले. डॉक्टरांनी दाढ पाहिली. तिची फक्त कड उरली होती. सूज उतरवून त्यांनी ती काढली. वडील घरी येऊन चाळीत म्हणाले, "बघा, सरकारी दवाखान्यात दात उपटतातच."

पुढे भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर मी दंतवैद्यक शिकले. तिसऱ्या वर्षाला विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष रुग्णांवर काम करावे लागते. माझी नेमणूक दात भरण्याच्या विभागात झाली. सकाळी नऊपासून तिथे दात भरण्याचेच काम चाले. एकामागून एक खुर्च्या, प्रत्येक खुर्चीत एक रुग्ण आणि प्रत्येक रुग्णाचा दात वाचविण्याची खटपट. ही तीच इमारत होती. माझी दाढ ज्या खोलीत काढली गेली तिच्या बरोबर एक जिना वर हा विभाग होता आणि तो १९८२ सालीही होता. जूनमध्ये वडिलांनी मला तिथे नेले असते तर त्या काळच्या अगदी थोड्या पैशांत ती दाढ भरून मिळाली असती. ती आजही माझ्या तोंडात असती.

मित्रहो, माझ्या वडिलांना मी दोष देत नाही. मुलीला चांगले मिळावे म्हणूनच ते थांबले होते. परंतु चांगल्याची वाट पाहता पाहता जे हाताशी होते तेही गेले. आणखी एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. सरकारी रुग्णालयात दात उपटतात ही ख्याती आपण उशिरा जाऊन त्याला मिळवून दिली आहे. उपटण्याशिवाय गत्यंतर नाही अशा अवस्थेतला दात घेऊन आपण तिथे जातो, दात उपटून येतो आणि सर्वांना सांगतो की तिथे दातच उपटतात. ते ऐकून शेजारची आई आपल्या मुलाला नेण्याचे आणखी सहा महिने लांबविते. या दुष्टचक्रात आजही अनेक मुलांच्या दाढा जात आहेत.

आता या दाढेविषयी थोडी शास्त्रीय माहिती सांगते. दुधाचे दात २०. ते पडतात आणि त्यांच्या जागी नवे येतात हे सर्वांना माहीत आहे. परंतु साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ उगवते. वर दोन, खाली दोन, अशा एकूण चार. त्यांच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून त्या आल्या कधी हे घरात कळतच नाही. आईला वाटते की ही दुधाचीच दाढ आहे, किडली तर किडली, पडेल आणि नवी येईल. पण ती पडणार नसते. ती जन्माची सोबतीण असते. चघळण्याचा मोठा भार तिच्यावर असतो. तिच्या पृष्ठभागावर खोल खाचा असतात, त्यात बिस्किटाचा लगदा अडकतो आणि सहा-सात वर्षांच्या मुलाचा ब्रश तिथवर पोचत नाही. मूल तेरा वर्षांचे होते तेव्हा ही दाढ सात वर्षांची झालेली असते, आणि पुष्कळदा तोवर पोखरलेली असते. माझी गेली ती हीच दाढ.

दात किडतो म्हणजे त्यात किडा शिरतो, असे नव्हे. दातांवर जंतूंचा पातळ, चिकट थर बसतो. आपण गोड किंवा पिठूळ खाल्ले की हे जंतू त्यापासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे कठीण आवरण विरघळविते. लाळ हे नुकसान हळूहळू भरून काढीत असते, पण तिला वेळ मिळाला पाहिजे. म्हणून एकदा जेवणानंतर लाडू खाणाऱ्यापेक्षा दिवसभर दर तासाला चॉकलेट, शीतपेय, वेफर यांचा समाचार घेणाऱ्याचे दात लवकर किडतात. सुरुवातीला पांढरट डाग, मग काळी रेघ, मग खड्डा. थंड पाणी झोंबू लागले म्हणजे कीड आत उतरली. रात्री झोपेतून उठविणारा ठणका लागला म्हणजे ती दाताच्या नसेपर्यंत पोचली. गाल सुजला म्हणजे मुळाशी पू झाला. काळ्या रेघेच्या वेळी एका बैठकीत, सिमेंट भरून काम भागते. ठणक्याच्या वेळी रूट कॅनाल लागते, त्यासाठी तीन-चार खेपा होतात आणि बाहेर हजारो रुपये जातात. शेवटी फक्त चिमटा उरतो.

भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये देशभर एक सर्वेक्षण केले होते. त्यात १२ वर्षांच्या सुमारे ५४ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले, तर १५ वर्षांच्या मुलांत हे प्रमाण सुमारे ६३ टक्के होते. म्हणजे ज्या वयात आपण "आता मुलगा मोठा झाला, त्याचे तो पाहील" असे म्हणतो, त्याच वयात कीड पुढे सरकते. बारा वर्षांपर्यंत आई हात धरून दवाखान्यात नेते. अठरानंतर माणूस स्वतः जातो. मधल्या सहा वर्षांत त्याला कोणी नेत नाही आणि तोही जात नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळते. सरकारी व्यवस्थेत काय मिळते? मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. मुंबई सेंट्रलला महानगरपालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथेही शासकीय दंत महाविद्यालये आहेत. इथे लहान मुलांच्या दातांचा विभाग वेगळा, दात भरण्याचा व रूट कॅनालचा वेगळा, हिरड्यांचा वेगळा, वाकड्या दातांना तार लावण्याचा वेगळा आणि दात काढण्याचा वेगळा. म्हणजे दात काढण्याचा विभाग हा अनेकांपैकी एक आहे. काम विद्यार्थी करतात, परंतु त्यांच्या पाठीशी अनुभवी प्राध्यापक उभे असतात आणि पायरी पायरीवर तपासणी होते. शुल्क खासगीच्या मानाने अगदी थोडे असते. तेही परवडत नसेल तर रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना भेटावे. भेटायला लाजू नये, ते त्यासाठीच नेमलेले असतात.

मोठ्या शहरापासून दूर राहणाऱ्यांसाठी जिल्हा रुग्णालयात आणि अनेक उपजिल्हा रुग्णालयांत दंतशल्यचिकित्सक असतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्यात आले. दंत महाविद्यालये वेगळ्या खात्याखाली येतात, म्हणून तेथे थोडे शुल्क लागते. हा फरक माहीत नसल्यामुळे पुष्कळांचा गोंधळ होतो. खासगी दंत महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागांतही विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी रुग्ण हवे असतात, त्यामुळे तिथले दरही बाजारापेक्षा कमी असतात. हा तिसरा मार्ग आपल्या लोकांना फारसा ठाऊक नाही.

सरकारी रुग्णालयातल्या अडचणी मी लपवून ठेवणार नाही. सकाळी लवकर जाऊन केसपेपरच्या रांगेत उभे राहावे लागते. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जावे लागते. एका कामासाठी तीन-चार खेपा पडतात. तार लावण्यासाठी प्रतीक्षायादी असते. खेप म्हणजे मुलाची शाळा बुडते आणि सोबत येणाऱ्या आईचा किंवा वडिलांचा रोज बुडतो. धुणीभांडी करणाऱ्या बाईची चार दिवसांची रजा म्हणजे कधी कधी कामच गेले. म्हणून "सरकारी दवाखाना फुकट असतो" असे म्हणणाऱ्यांनी आपल्या वस्तीत येऊन हिशेब करावा. केसपेपरचे पैसे थोडे असतात, बुडालेल्या मजुरीचे थोडे नसतात. खासगी डॉक्टर संध्याकाळी असतो, जवळ असतो, एक-दोन बैठकांत काम उरकतो. लोक तिकडे वळतात ते केवळ हौसेने नव्हे. त्यांच्या दृष्टीने तो वेळेचा हिशेब असतो.

परंतु खासगीकडे जाताना डोळे उघडे ठेवावेत. दातांच्या बहुतेक कामांत रुग्णालयात दाखल व्हावे लागत नाही, त्यामुळे साध्या आरोग्य विम्यातून त्याचा खर्च सहसा मिळत नाही. सारे पैसे खिशातून जातात. म्हणून चार प्रश्न विचारा. डॉक्टरांचा राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक काय आहे? हा दात साधा भरून चालेल का? नुसते भरून चालत नसेल तर का चालत नाही, हे एक्स-रेवर दाखवाल का? एकूण खर्च किती आणि बैठका किती, हे लिहून द्याल का? प्रामाणिक डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. १९४८ च्या दंतवैद्य कायद्यापासून नोंदणीशिवाय दातांचा व्यवसाय करता येत नाही. तरीही बाजारात, फुटपाथवर, काचेच्या पेटीत दात मांडून बसणारे आहेतच. शंभर-दोनशे रुपये वाचतात म्हणून मुलाला त्यांच्याकडे नेऊ नका. न उकळलेल्या हत्यारातून काय काय पसरते हे मी या व्यासपीठावरून सांगत बसत नाही.

एक प्रसंग मात्र असा आहे की तेव्हा सरकारी की खासगी हा विचारच करू नये. कबड्डीत कोपर लागले, क्रिकेटचा चेंडू लागला आणि पुढचा कायमचा दात मुळासकट निखळून पडला, तर तो फेकू नका. मुळाला हात न लावता वरच्या पांढऱ्या भागाने उचला. घासू नका. माती लागली असेल तर क्षणभर पाण्याखाली धरा आणि दुधाच्या पेल्यात टाकून जो दंतवैद्य सर्वांत जवळ असेल त्याच्याकडे धावा. अर्ध्या तासात पोचलात तर तो दात पुन्हा जागी बसण्याची चांगली आशा असते. इथे उपस्थित असलेल्या क्रीडाशिक्षकांनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

आता शाळेकडे येऊ. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच महाराष्ट्रात, पालघर येथे झाला. या योजनेत वैद्यकीय पथक सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा जाते आणि १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करते. तपासणीच्या यादीत दातांचे विकारही आहेत. दोष आढळला तर पुढील उपचारांसाठी मुलाला चिठ्ठी दिली जाते. योजना चांगली आहे. पण ती चिठ्ठी पुढे जाते कुठे? मी कित्येक मुलांना विचारले आहे. ती दप्तराच्या तळाशी जाते. मुलगा घरी सांगत नाही, कारण त्याला इंजेक्शनची भीती वाटते. आई विचारत नाही, कारण चिठ्ठी आली हेच तिला माहीत नसते. आणखी एक. आपल्यापैकी ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन मुलांना विनाअनुदानित इंग्रजी शाळेत घातले, त्यांच्या मुलांपर्यंत हे पथक येतच नाही. फी भरली म्हणजे सर्व मिळाले, अशा समजुतीत आपण राहतो.

मोफत दंततपासणी शिबिरांचेही तेच. मी स्वतः कितीतरी शिबिरे घेतली आहेत. पताका, उद्घाटन, टूथपेस्टचे वाटप, सायंकाळी फोटो. दोनशे मुले तपासली, शंभरांना चिठ्ठ्या दिल्या. एकदा एका वस्तीत वर्षभराने पुन्हा जाण्याचा योग आला. त्याच मुलांची तोंडे पुन्हा पाहिली. गेल्या वर्षीच्या काळ्या रेघांचे यंदा खड्डे झाले होते. त्या दिवशी मला स्वतःचीच लाज वाटली. तपासणी हा उपचार नसतो, हे मला शिबिरे घेणाऱ्या डॉक्टरला तेव्हा कळले.

परदेशांत काय करतात, तेही पाहू. ब्रिटनमध्ये १८ वर्षांखालील मुलांना राष्ट्रीय आरोग्य सेवेतील दातांचे उपचार मोफत असतात. न्यूझीलंडने १९२१ मध्ये शाळांसाठी सरकारी दंतसेवा सुरू केली. तेथे माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलांना अठराव्या वाढदिवसापर्यंत मोफत उपचार मिळतात आणि ते बहुधा सरकारशी करार केलेले खासगी दंतवैद्य करतात. ऑस्ट्रेलियाने २००८ मध्ये १२ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दंततपासणीचा खर्च देणारी योजना आणली. २०१४ पासून तिच्या जागी अधिक व्यापक योजना आली, ज्यात पात्र कुटुंबातील मुलांना ठरावीक रकमेपर्यंत उपचार मिळतात. सरकारी दवाखान्यात जा की खासगी, रक्कम तीच. म्हणजे आपल्या आजच्या प्रश्नाचे टोकच त्यांनी मोडून टाकले. तरीदेखील तेथील अनेक पात्र मुले या सवलतीचा लाभ घेत नाहीत. दार उघडे असते, पैसे सरकार देते आणि मूल येत नाही. नॉर्वेत मात्र १९८३ च्या कायद्याने सार्वजनिक दंतसेवेवर अशी जबाबदारी टाकली की तिने मुलांना स्वतःहून बोलावले पाहिजे. १८ वर्षांपर्यंतच्या मुलाला ठरावीक काळाने दवाखान्याचे बोलावणे येते. कोणाच्या तरी वहीत त्या मुलाचे नाव असते.

मित्रहो, माझे उत्तर या वहीत आहे. सरकारी की खासगी हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा की आपल्या वस्तीतल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचे नाव कोणाच्या वहीत आहे का? नसेल तर दोन्ही दवाखाने त्याला सारखेच लांब आहेत.

म्हणून मंडळाला माझी एक मागणी आहे. तिला देणगी लागत नाही, हॉल लागत नाही. एक दोनशेपानी वही आणा. वस्तीतील १२ ते १८ वयाच्या प्रत्येक मुला-मुलीचे नाव तीत लिहा. दरवर्षी जूनमध्ये अभ्यासिकेत पुस्तके वाटता तेव्हाच शाळेतून आलेली चिठ्ठी मागून घ्या, आणि चिठ्ठी नसेल तर दातांचे शेवटचे दर्शन कधी घेतले ते विचारून लिहा. दिवाळीच्या व मे महिन्याच्या सुट्टीत आठ-दहा मुलांची एक तुकडी करून एका कार्यकर्त्याने ती दंत महाविद्यालयात न्यावी. एक मोठा माणूस आठ मुलांसोबत गेला तर सात आई-वडिलांचा रोज वाचतो, आणि शाळाही बुडत नाही. पालकांचे लेखी संमतिपत्र व फोन नंबर मात्र सोबत असू द्या. इंजेक्शन द्यावयाचे किंवा दात काढावयाचा असेल तर पालकाने स्वतः आलेच पाहिजे. पुढच्या खेपेची तारीख वहीत लिहा. ज्याचे काम पूर्ण झाले त्याच्या नावापुढे खूण करा. वर्षअखेर अहवाल वाचताना शिबिरात किती मुले तपासली हे सांगू नका, किती नावांपुढे खूण झाली ते सांगा.

पालकांना दोन-तीन गोष्टी सांगते. केसपेपरच्या खिडकीवर "दात काढायचा आहे" असे म्हणू नका. "दात वाचवायचा आहे, भरता येईल का?" असे विचारा. तुमच्या शब्दावर पुष्कळदा तुम्हाला कोणत्या विभागात पाठवायचे ते ठरते. वरचा दात काढला की डोळे जातात, दात साफ करून घेतले की ते सैल होतात, या समजुतींना शास्त्रीय आधार नाही. दुखणे थांबले म्हणजे दात बरा झाला असे मानू नका. पुष्कळदा नस मेलेली असते म्हणून दुखत नाही. आणि पैसे साठवून मोठ्या डॉक्टरकडे नेण्याचा बेत असेल तर बेत ठेवा, पण तोवर सरकारी रुग्णालयात दाढ भरून तरी घ्या. भरलेली दाढ थांबू शकते. किडलेली थांबत नाही.

आता माझ्या विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याशी. रात्री झोपण्यापूर्वीचे ब्रश करणे सर्वांत महत्त्वाचे आहे. पेस्ट महाग नसली तरी चालेल, फक्त तीत फ्लोराइड असल्याचे वाचून घ्या. आरशासमोर तोंड उघडा आणि शेवटून दुसरी दाढ पाहा. तीच ती सहा वर्षांची दाढ. तिच्यावर काळी रेघ दिसली तर आजच घरी सांगा. आणखी एक परीक्षा सांगते. आपली तीन बोटे उभी करून वरच्या व खालच्या पुढच्या दातांमध्ये घाला. तीन बोटे मावत नसतील आणि तुम्ही गुटखा, खर्रा किंवा सुपारी खात असाल, तर तोंड आखडू लागले आहे असे समजा. हा आजार पुढे कर्करोगाकडे नेऊ शकतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तो कुठे मिळतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. यासाठीही दंतवैद्याकडेच जावे लागते. तो तुमचे नाव चारचौघांत सांगत नाही. मशेरी लावणाऱ्या घरातील आजीला रागावू नका, पण तिलाही सोबत घेऊन या.

तुम्ही मोठे झाला आहात. केसपेपर काढण्याइतके, रांगेत उभे राहण्याइतके, डॉक्टरांना प्रश्न विचारण्याइतके मोठे. पुढल्या वर्षी तुमच्यापैकीच कोणी तरी लहान भावंडांची तुकडी घेऊन निघावे, अशी माझी इच्छा आहे. आणि तुमच्यातून एखादा-एखादी दंतवैद्य झाली तर तिने एक दिवस याच व्यासपीठावर येऊन आपल्या वहीचा हिशेब द्यावा.

माझी दाढ गेली त्याला चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तिच्या मागची दाढ पुढे कलली आहे, वरची खाली उतरली आहे आणि मी अजून डाव्या बाजूनेच चावते. माझे वडील आता नाहीत. माझी पदवी त्यांनी पाहिली. पदवीदानाच्या दिवशी मी त्यांना त्या इमारतीत नेले, जिना चढून दात भरण्याचा विभाग दाखविला. ते बराच वेळ दारात उभे राहिले आणि म्हणाले, "हे कोणी आम्हाला सांगितलेच नाही गं." आज मी तुम्हाला सांगितले आहे. तुम्ही चाळीत, वस्तीत, नाक्यावर ते पुढे सांगा.